तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे उशिराच का सापडतो?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल आमच्यापुढे आहे. २०१२ ते २०१६ या काळात देशातल्या रुग्णालयांत नोंदल्या गेलेल्या रुग्णांचा त्यात हिशोब आहे. तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र या भागांच्या, म्हणजे डोके-मानेच्या कॅन्सरच्या ६६.६ टक्के रुग्णांमध्ये निदान झाले तेव्हाच आजार मूळ जागेवरून आजूबाजूला पसरलेला होता. तिघांतले दोघे. त्याआधीच्या वैद्यकीय लेखांत भारतासाठी हेच प्रमाण ६० ते ८० टक्के असे लिहिलेले असायचे. या काळात सीटी स्कॅन आले, एमआरआय आले, जिल्ह्याजिल्ह्यांत खासगी कॅन्सर रुग्णालये उभी राहिली, सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचे फोटो आले. तिघांतले दोघे मात्र उशिराच पोचत राहिले.

फुप्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर उशिरा सापडला तर समजू शकते. तो आत दडलेला असतो. पण तोंड आपण दिवसातून पन्नास वेळा उघडतो. सकाळी आरशासमोर उभे राहून दात घासतो. इथला आजार बघायला सोनोग्राफी लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. मोबाइलचा टॉर्च आणि दोन मिनिटे पुरतात. ज्या आजाराची सुरुवात डोळ्यांना दिसते, तोच इतका उशिरा पकडला जातो, हे आम्हाला पटत नाही. ‘लोक अडाणी आहेत, व्यसनी आहेत, दुखणे अंगावर काढतात’ हे त्याचे नेहमीचे उत्तर आहे आणि तेही आम्हाला पटत नाही.

आधी टप्पा म्हणजे काय ते पाहू. घरोघरी ‘थर्ड स्टेज’, ‘लास्ट स्टेज’ हे शब्द ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ फारसा कोणी सांगत नाही. तोंडातली जखम किंवा गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्यापेक्षाही लहान, खोलीही पाच मिलिमीटरच्या आत आणि मानेत काही नाही, हा पहिला टप्पा. चार सेंटिमीटरपर्यंत वाढली, फार खोल गेली नाही आणि मान मोकळी आहे, तर दुसरा. त्याहून मोठी किंवा खोल झाली, किंवा मानेत त्याच बाजूला एक लहान गाठ आली, की तिसरा. जबड्याच्या हाडात, गालाच्या कातडीपर्यंत गेली किंवा मानेत जास्त किंवा मोठ्या गाठी आल्या, की चौथा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. तोंडाच्या कॅन्सरचा चौथा टप्पा म्हणजे सगळे संपले, असे नसते. चौथ्या टप्प्याचेही भाग आहेत. आजार हाडात गेलेला आहे पण फुप्फुसात वगैरे गेलेला नाही, अशा अनेक रुग्णांवर बरे करण्याच्या हेतूनेच शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन केले जाते. ‘चौथी स्टेज’ हा शब्द ऐकून घरी परत नेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींवर इलाज होऊ शकला असता. तरीही फरक फार मोठा आहे. पहिल्या टप्प्यात जिभेचा किंवा गालाचा छोटा भाग काढतात, माणूस काही आठवड्यांत कामावर जातो. पुढच्या टप्प्यात जबडा काढावा लागतो, मांडीचे किंवा छातीचे मांस लावावे लागते, वर तीस-तीस रेडिएशन. बोलणे बदलते, जेवण बदलते, चेहरा बदलतो. पाच वर्षांनंतर जिवंत असण्याची शक्यता निम्म्याच्याही बरीच खाली येते.

खर्चाचे तर टाटा रुग्णालयाच्याच डॉक्टरांनी गणित मांडले आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरवर एका रुग्णामागे उपचाराचा खर्च सुमारे १ लाख १७ हजार रुपये, पुढच्या टप्प्यात सुमारे २ लाख ३ हजार. यात बुडालेला रोज, सोबत राहिलेल्या मुलाची सुटलेली नोकरी, मोडलेले मंगळसूत्र धरलेले नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, पुढे आंबिवली-टिटवाळ्यापर्यंत लाखो माणसे राहतात. त्यातली आपली वस्ती कोणती कामे करते ते वेगळे सांगायला नको : सफाई, नाक्यावरची बिगारी, बांधकाम, वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतले कंत्राटी काम, रिक्षा, हमाली, घरकाम. या कामांत तंबाखू हे केवळ व्यसन नसते. गटारात उतरणारा, कचऱ्याच्या गाडीवर उभा राहणारा माणूस दुर्गंधी सोसण्यासाठी तोंडात बार भरतो. रात्रपाळीचा वॉचमन झोप मारायला पुडी खातो. नाक्यावर अकरा वाजेपर्यंत काम मिळाले नाही तर भूक मारायलाही तीच. आपल्या आया-बहिणींची मशेरी तर कोणी तंबाखूत मोजतच नाही. ‘दात घासते’ असे त्या सांगतात आणि विचारणाराही पुढे जातो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, आणि तोंडात तंबाखू ठेवणारे २४ टक्क्यांच्या वर. आपल्या राज्यातला तंबाखू धुरातला नाही, गालातला आहे. त्यामुळे तो तोंडातच आजार करतो. आणि फक्त तंबाखूच नव्हे. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच जाहीर केले आहे. ‘मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ हे समाधान खोटे आहे.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. वाचकांनी आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीवर पाहावे. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, दोन्ही एकत्र तोंडात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नको असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे, तोही याच टपरीवर लागू आहे. असो, तो विषय वेगळा आणि संतापाचा आहे.

आमचा मुद्दा टप्प्याचा आहे. तोंडात पहिला पांढरा चट्टा दिसल्यापासून परळच्या ओपीडीत कागद निघेपर्यंत मध्ये काय होते? कल्याण पूर्वेतल्या एका कंत्राटी सफाई कामगाराचा प्रवास आम्ही त्याच्या पत्नीकडून तारीखवार लिहून घेतला. नाव देत नाही. गालाच्या आत तिखट लागून चरचरायला लागले तेव्हा गणपती होते. मेडिकलवाल्याने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचे जेल दिले, तीन वेळा. दिवाळीत एका खासगी दवाखान्यात अँटिबायोटिक. जानेवारीत दाढ हलू लागली म्हणून दात काढणाऱ्याकडे गेला. त्याने दाढ काढली, जखम भरली नाही, ‘येईल भरून’ असे सांगितले. फेब्रुवारीत मानेखाली सुपारीएवढी गाठ आली. तेव्हा कोणीतरी पहिल्यांदा म्हणाले की तुकडा काढून तपासा. यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी मोडता घातला : सुरी लागली की कॅन्सर पसरतो. त्यात आणखी पाच आठवडे गेले. एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात, रिपोर्ट हातात आला. टप्पा चौथा.

या माणसाने दुखणे अंगावर काढले असे म्हणता येईल का? सात-आठ महिन्यांत तो पाच ठिकाणी गेला. प्रत्येक वेळी खिशातले पैसे घातले, प्रत्येक वेळी रोज बुडवला. त्याच्या तोंडात बॅटरी मारून, गाल ओढून, जीभ बाजूला करून कोणी पाहिले नाही. ‘तंबाखू खातोस का’ हे विचारले गेले ते ओरडण्यासाठी, तपासण्यासाठी नव्हे. उशीर त्याचा एकट्याचा नाही. तो मेडिकलच्या काउंटरवर झाला, दवाखान्यात झाला, दाताच्या खुर्चीत झाला, आणि हो, घरातही झाला.

बायोप्सीविषयी आता स्पष्ट बोलू, कारण ही भीती आपल्या वस्त्यांत माणसे मारते आहे. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांमुळे. तुकडा काढल्यावर महिन्याभरात गाठ वाढलेली दिसली तर ती तशीही वाढलीच असती, कारण तिथवर पोचेपर्यंत आजार वेगात आलेला असतो.

अंतराचाही वाटा आहे. कल्याणहून परळ नकाशावर जवळ आहे. फास्ट लोकलने दादर, तिथून स्लो. पण पहिल्या दिवशी फाइल काढायला, दुसऱ्या दिवशी स्कॅनची तारीख घ्यायला, तिसऱ्यांदा रिपोर्ट दाखवायला जावे लागते, आणि पहाटेची लोकल पकडून संध्याकाळी परत येणाऱ्या माणसाचे तीन-चार रोज जातात. सोबतच्या माणसाचेही तेवढेच. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला उभे आहे, गरिबांचा तो मोठा आधार आहे, आणि दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देते. या दोघांचे उपकार कोणी नाकारत नाही. पण देशभरातली गर्दी पेलणाऱ्या रुग्णालयाने कल्याणच्या माणसाच्या तोंडातला पहिला चट्टाही शोधावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. चट्टा कल्याणमध्येच सापडला पाहिजे.

कोविडच्या काळात हे फार कठोरपणे दिसले. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल बंद झाली. सर्वसामान्यांसाठी ती ठरावीक वेळेत सुरू झाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला, आणि त्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. मधल्या काळात कॅन्सर रुग्णांना प्रवासाची मुभा मिळाली. पण ज्याच्या तोंडात नुसता चट्टा आहे, निदान झालेलेच नाही, त्याने कोणता कागद दाखवायचा? देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचा अभ्यास सांगतो की २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटली. आजार घटला नव्हता. ती माणसे घरी बसली होती, आणि त्यांतली कित्येक नंतर पुढच्या टप्प्यात आली.

आता सरकारी योजनेबद्दल. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या, आणि स्त्रियांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी, पाच वर्षांतून एकदा तपासणी. आशाताईंनी घरोघरी फॉर्म भरायचा, संशयित व्यक्तीला आरोग्य केंद्रात पाठवायचे. महाराष्ट्राने डिसेंबर २०१७ मध्ये महिनाभराची मौखिक आरोग्य तपासणी मोहीमही घेतली. कागदावर सगळे चांगले आहे. मग २०१९ ते २०२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडावे. तीस ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांपैकी ज्यांच्या तोंडाची कधीही तपासणी झाली असे देशभरात १.२ टक्के. स्त्रियांपैकी ०.९ टक्के. शंभरातला एक! आशाताईंना दोष देऊ नये. त्यांच्या डोक्यावर लसीकरण, क्षयरोग, डेंग्यू, गरोदर स्त्रिया आणि शेकडो ऑनलाइन नोंदी आहेत, आणि मानधनासाठी त्यांना आझाद मैदानात बसावे लागते.

अशा तपासणीने खरेच फरक पडतो का, असा प्रश्न वाचक विचारतील आणि विचारावाच. उत्तर केरळमध्ये आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरील लोकांचे तोंड उजेडात पाहत. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. बाकी पंचायतींत नेहमीची आरोग्यसेवा. २००५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या भागात ३४ टक्क्यांनी कमी होते. पंधरा वर्षांच्या हिशोबात हा फरक २४ टक्के राहिला, आणि ज्यांनी चारही फेऱ्यांत तोंड दाखवले त्यांच्यात तो कितीतरी जास्त होता. कसलेही व्यसन नसलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणजे सगळ्यांच्या मागे धावायची गरज नाही. तंबाखू, मशेरी, सुपारी, दारू घेणाऱ्यांची यादी करावी आणि त्यांना सोडू नये. महाराष्ट्रालाही हे काम नवे नाही. १९७२ मध्ये डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच राज्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. पन्नास वर्षांपूर्वी एक लाख तोंडे बघता आली, तर आज महापालिकेच्या एका प्रभागात का बघता येऊ नयेत?

लवकर सापडले तर हातात काय असते, तेही टाटाच्याच एका अभ्यासातून कळते. डॉ. अनिल डिक्रूज आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मूळ जखमेबरोबरच मानेतल्या गाठीही पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ आल्यावर काढू, असे थांबलेल्यांत ६७.५ टक्के. जगभरच्या शल्यविशारदांनी या अभ्यासाची दखल घेतली. परळमध्ये सिद्ध झालेल्या या ज्ञानाचा लाभ घ्यायचा तर आपल्या माणसाने पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात तिथे पोचायला हवे.

ठाण्यात बाळकुमला कॅन्सर रुग्णालयाचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. रुग्णालय व्हावे, लवकर व्हावे, परळचे हेलपाटे वाचतील. पण रुग्णालय टप्पा बदलत नाही. रुग्ण दारात येतो तेव्हा टप्पा ठरलेला असतो. तो ठरतो वस्तीत, आधीच्या सहा महिन्यांत. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे आमची मागणी इमारतीची नाही, आकड्याची आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या किती लोकांना यंदा तोंडाचा कॅन्सर झाला, त्यांतले पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात किती, तिसऱ्या-चौथ्यात किती, हे प्रभागवार दरवर्षी जाहीर करा. मुंबईत १९६३ पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालते, देशातली ती पहिली. पण ती मुंबईच्या रहिवाशांची. मुंब्र्याचा किंवा कोळसेवाडीचा माणूस परळला उपचार घेतो म्हणून मुंबईकर होत नाही. डेंग्यूचे रुग्ण प्रभागवार मोजता येतात, मालमत्ता कराची थकबाकी घरवार मोजता येते, तर हेही मोजता येईल. एखाद्या प्रभागात चौथ्या टप्प्याचेच रुग्ण निघत असतील, तर तिथल्या नागरी आरोग्य केंद्राला जाब विचारता येईल. आज ‘व्यसनी होता’ म्हणून फाइल बंद होते.

आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. २०१८ पासून टप्पा ठरवण्याचे नियम बदलले, जखमेची खोलीही त्यात धरली जाऊ लागली. जी जखम आधी पहिल्या टप्प्यात बसली असती ती आता दुसऱ्या-तिसऱ्यात जाऊ शकते. शिवाय मोठ्या रुग्णालयात गुंतागुंतीचेच रुग्ण जास्त पाठवले जातात. म्हणून एका वर्षाच्या एका टक्केवारीवरून ना घाबरावे, ना नाचावे. एकाच पद्धतीने पाच-सात वर्षे मोजले तरच प्रवृत्ती कळते. यासाठीच मोजणी आजपासून हवी.

महापालिकेची वाट पाहत बसायचे कारण मात्र नाही. आपल्याकडे विहार आहेत. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, आणि तिथे सर्वांत जास्त संख्येने महिला येतात. मशेरी लावणाऱ्या आपल्या आईला, आजीला कोणत्याही शिबिराच्या रांगेत उभे करणे अवघड, विहारात ती स्वतःहून येते. त्या तीन महिन्यांत एक दिवस दंतवैद्य किंवा प्रशिक्षित परिचारिका बोलवावी. आपल्या समाजात आता दंतवैद्य मुले-मुली कमी नाहीत, त्यांना सांगावे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो, चष्मे वाटतो. त्याच मांडवात एक खुर्ची, एक टॉर्च, लाकडी पट्ट्या आणि हातमोजे एवढ्यावर तोंडाची तपासणी होते. पाचव्या शीलावर प्रवचन देऊन तंबाखू खाणाऱ्याला खाली बघायला लावण्यापेक्षा त्याच्या तोंडात एकदा उजेड टाकलेला बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. लाज वाटली की माणूस पुडी लपवतो, आणि पुडीबरोबर चट्टाही लपवतो. लाज कोणालाही वाटायला नको. आर. आर. आबा उपमुख्यमंत्री राहिलेले, गृहखाते सांभाळलेले, १६ फेब्रुवारी २०१५ ला वयाच्या ५७ व्या वर्षी याच आजाराने गेले. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली आणि ते त्याबद्दल आणि आपल्या जुन्या सवयीबद्दल जाहीर सभांतून बोलतात.

घरी महिन्यातून एकदा, आंघोळीआधी, आरशासमोर उजेडात तोंड पाहावे. कवळी असेल तर काढावी. ओठ उलटून, दोन्ही गाल बोटाने बाहेर ओढून, हिरड्या, टाळू, जीभ वर करून खालची जागा, जीभ धरून तिच्या दोन्ही कडा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात, दाढ काढल्यावर न भरणारा खड्डा, यांतले काहीही दिसले तर मेडिकलवर जाऊ नये, थेट दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील, तिखट सोसत नसेल, तर ते सुपारीमुळे तोंड आखडत चालल्याचे लक्षण असते. पंचविशीतल्या मुलांतही आता ते दिसते. त्यांच्याबद्दल आम्हाला जास्त काळजी वाटते. आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, गिळताना एकाच बाजूला दुखून कानात कळ आली, मानेत न दुखणारी गाठ लागली, तर घशाची तपासणी करून घ्यावी. न दुखणारी गाठच जास्त फसवते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आणि संशय आलाच तर, पुढचे आठवडे वाचवण्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याला जिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये जवळची आहेत. तिथे ‘तोंड आले आहे’ असे मोघम सांगू नये. ‘ही जखम इतके आठवडे आहे, तंबाखू इतकी वर्षे आहे, बायोप्सी लागेल का’ असे विचारावे. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवावे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो यांचा समावेश आहे. कंत्राटी कामगारांनी ठेकेदाराकडून ईएसआयसीचा नंबर आजच मागून घ्यावा, आजारी पडल्यावर नव्हे. या कायद्याची आखणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना सुरू झाली आणि १९४८ मध्ये तो झाला. त्यात उपचार तर आहेतच, शिवाय कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, नोकरीची आणि वर्गणीची अट पूर्ण होत असेल तर, पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पगारातून कपात होते पण भरणा होत नाही, अशी तक्रार आपल्या वस्त्यांत नेहमीची आहे. ती युनियनकडे लेखी द्यावी.

परळला जाताना बायोप्सी बाहेर झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नये. लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा, तो रुग्णाच्या हक्काचा आहे. तिथले डॉक्टर ते स्वतः पुन्हा तपासतात, आणि ब्लॉक नसला की नातेवाइकाला परतीच्या लोकलने कल्याणला यावे लागते.